एकच वही, तीन पानं: दंड-टॅगांचं काम, नोंद ४

मागच्या नोंदीपर्यंतची स्थिती अशी: ‘वही’ नावाची एकच साधी टेक्स्ट फाइल आणि तिच्यात सगळं. हिप्परगा तलावावरचे पक्षी, शेंगा चटणीचं प्रमाण, वाऱ्यांचे मुक्काम, नळाला पाणी कोणत्या दिवशी आलं, कुणाकडे किती उधारी. यातलं काही चारचौघांत दाखवायचं, काही अजिबात नाही. फाइल फोडायची नाही आणि दुसरीकडे नक्कलही ठेवायची नाही. ज्या विभागाच्या मथळ्यावर जो टॅग, म्हणजे खुणेचा शब्द, तो विभाग एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, त्या टॅगच्या पानावर नेतो. या खेपेला टॅगचं चिन्ह बदललं, परवानगीचा नियम उलटा केला आणि गळतीच्या वाटा बुजवल्या. तिसऱ्या कामालाच सगळ्यात जास्त वेळ गेला.

हॅश नको, दंड हवा

बहुतेक जण टॅगसाठी हॅश (#) वापरतात, आणि इनस्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीच्या प्रमाणित कीबोर्ड मांडणीवर, टाइप करणाऱ्यांची तिथेच पंचाईत होते. शिफ्ट आणि ३ दाबलं की हॅश न येता ‘्र’ उमटतो. शिफ्ट आणि २ वर ‘ॅ’ बसलाय, म्हणजे ‘ॲट’चं चिन्हही गेलं. ऑर्ग-मोड या नोंदींच्या साधनासारखं टॅगाच्या दोन्ही बाजूंना कोलन घालावं, तर इनस्क्रिप्टवर कोलन नाहीच. हात सवयीने विसर्ग देतो. डोळ्यांना ‘ः’ आणि ‘:’ सारखेच दिसतात, स्क्रिप्टला दिसत नाहीत. प्रत्येक टॅगसाठी कीबोर्ड बदलायचा म्हटलं की चार दिवसांत टॅग लावणंच बंद होतं.

शिफ्ट आणि पूर्णविरामाची कळ दाबली की दंड येतो: ‘।’. आजच्या मराठी गद्यात आपण टिंबाचा पूर्णविराम देतो, त्यामुळे हे चिन्ह कीबोर्डावर असूनही रिकामं बसलेलं असतं. अभंग-ओव्यांमध्ये ते येतं, पण टॅग फक्त मथळ्याच्या ओळीतच वाचायचा असल्यामुळे अभंगातल्या दंडाला धक्का लागत नाही. मथळ्याची खूण म्हणजे ओळीच्या सुरुवातीला दोन आडव्या रेघा, उपविभागाला तीन. ही रेघही इनस्क्रिप्टवर शिफ्टशिवाय येते. फाइल अशी दिसते (‘चारचौघांत’ हा टॅग म्हणजे सगळ्यांना दाखवायची परवानगी):

-- हिप्परगा तलाव । चारचौघांत । पक्षी
हिवाळ्यात, सकाळी लवकर. चक्रवाक काठाजवळ दिसतात.
--- जायची वाट । चारचौघांत
तुळजापूर रस्त्याने.
--- घरटी
झाडं आणि जागा.
-- शेंगा चटणी । चारचौघांत । स्वयंपाक
भाजलेले शेंगदाणे २ वाट्या, लसूण १० पाकळ्या, लाल तिखट, जिरं, मीठ. तेल सुटेपर्यंत कुटणे.
-- उधारी

दंडाची एक खोड आहे. लॅटिन कीबोर्डावरची उभी रेघ हुबेहूब त्याच्यासारखी दिसते. युनिकोडात, म्हणजे प्रत्येक अक्षर-चिन्हाला क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, दंड ०९६४ क्रमांकावर आहे, ती रेघ वेगळ्याच घरात. मथळ्यात उभी रेघ सापडली तर स्क्रिप्टने स्वतः दुरुस्ती करू नये, ओळीचा क्रमांक सांगून थांबावं. दोन दंड लागोपाठ पडले की मध्ये रिकामा टॅग तयार होतो; तिथेही थांबावं.

सोलापुरात हे चिन्ह आणखी एका कारणाने सोयीचं आहे. इथल्या वहीत तेलुगू आणि कन्नड शब्द यायचेच, आणि युनिकोडात त्या लिप्याही हाच दंड वापरतात. टॅग ओळखायला ‘फक्त देवनागरी अक्षरं’ अशी अट घातली असती तर तेलुगूतला टॅग गुपचूप गळला असता.

पक्षी उडून ‘पक’ उरतं

टॅग वेगळा काढायला रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर शोधायचा साचा) लावू नका. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या मूळ ‘आरई’ मॉड्यूलमध्ये ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ म्हणजे अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्ताची (पाय मोडल्याची) खूण त्याच्या लेखी अक्षरं नाहीत. म्हणून ‘पक्षी’ वाचताना तो हलन्ताशी अडतो आणि ‘पक’ परत देतो. ‘चटणी’चं ‘चटण’ होतं. इंग्रजी टॅगांवर बेतलेली तयार साधनं मराठीत अर्धवट टॅग दाखवतात त्याचं हेच कारण. ओळ दंडावर तोडायची, प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांची मोकळी जागा छाटायची, एवढं पुरतं. पहिला तुकडा मथळा, उरलेले टॅग.

पुढची अडचण अशी की दिसायला एकच असलेला टॅग दोन तऱ्हांनी लिहिलेला असू शकतो. ‘वाऱ्या’ हा टॅग घ्या. अर्धा र काही कीबोर्ड नुक्ता (खालचं टिंब) असलेल्या ‘ऱ’ला हलन्त लावून काढतात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, लावून. पडद्यावर फरक शून्य, पण स्क्रिप्टच्या लेखी दोन टॅग आणि दोन पानं. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (सुटी चिन्हं जुळवून एकच रूप देणारी पद्धत) चालवलं तर ‘र’ आणि सुटा नुक्ता जुळून ‘ऱ’ होतो, पण जोडक जागचा हलत नाही.

इथे क्रम चुकला तर अर्थच बदलतो. ‘न दिसणारी अक्षरं आधी काढून टाकू’ असा विचार केला की र, हलन्त, जोडक, या यांतला जोडक जातो आणि रफार तयार होतो: ‘वाऱ्या’चं ‘वार्या’. म्हणून आधी ‘र, हलन्त, जोडक’ या तिकडीच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घालायचं, मग एनएफसी, आणि उरलेले जोडक शेवटी काढायचे. हे सगळं फक्त टॅगांवर, मजकुराला हात लावायचा नाही. ‘ॲ’चीही तीच गत. एका अक्षराचा ‘ॲ’ युनिकोडात २००८ साली आला. त्याआधीपासूनचा ‘अ’वर चंद्र देऊन केलेला ‘अॅ’ अजून सर्रास टाइप होतो. एनएफसी या दोघांना एक मानत नाही, तेव्हा तो बदल हाताने लिहावा लागतो.

एवढं करूनही ‘चारचौघांत’ आणि ‘चारचौघात’ हे दोन शब्द राहतातच. अनुस्वार विसरणं हा माणसाचा धर्म. त्यावर उपाय म्हणजे टॅगांची यादी बंद ठेवणं. वहीच्या वर एका विभागात चालणारे टॅग लिहून ठेवलेत, यादीबाहेरचा टॅग दिसला की स्क्रिप्ट थांबते.

परवानगी वारशाने मिळत नाही

ऑर्ग-मोडमध्ये मुख्य मथळ्याचा टॅग पोटमथळ्यांना आपोआप लागू होतो. विषयासाठी ते ठीक आहे. हिप्परग्याखालचं सगळं ‘पक्षी’ असणारच. परवानगीसाठी मात्र ते घातक. वरच्या नमुन्यात ‘घरटी’ हा उपविभाग आहे. पक्षी पाहणारे घरट्यांच्या जागा जाहीर करत नाहीत, कारण गर्दी झाली की पक्षी घरटं सोडून जातात. वारसा चालू ठेवला असता तर हा मजकूर वरच्या टॅगसोबत थेट बाहेर गेला असता. म्हणून नियम असा: विषय वारशाने, ‘चारचौघांत’ मात्र प्रत्येक मथळ्यावर स्वतंत्र. थोडं जास्त टाइप करावं लागतं. चालेल.

ऑर्गची आणखी एक मूळ सवय ठाऊक असलेली बरी. तिथे निवडीचा टॅग फाइलीत एका जागी जरी असला तर फक्त टॅगवाले विभाग बाहेर पडतात. पण तो टॅग कुठेच सापडला नाही तर निवडच लागू होत नाही, वगळण्याचा टॅग नसलेला सगळा मजकूर बाहेर पडतो. म्हणजे एकुलता एक टॅग लिहिताना चूक झाली की उधारीसकट वही वेशीवर. आमच्या स्क्रिप्टमध्ये टॅग नाही तर पान नाही, आणि एकही पान तयार झालं नाही तर ती चूक समजायची.

गळती

सगळ्यात वाईट चूक टॅगची नव्हे, मथळ्याची असते. आयफोनवर स्मार्ट पंक्च्युएशन चालू असेल तर दोन आडव्या रेघा टाइप केल्या की त्यांची एकच लांब रेघ होते. ‘-- उधारी’ या ओळीचं असं झालं की ती मथळा राहत नाही. खालचा सगळा मजकूर वरच्या विभागात मिसळतो, आणि वरचा विभाग शेंगा चटणीचा, चारचौघांतला. टॅगांची कोणतीही तपासणी हे पकडत नाही, कारण खासगी विभागाला मुळात टॅगच नसतो.

यावर तीन पहारे बसवले. लांब किंवा मध्यम रेघेने सुरू होणारी ओळ दिसली की काम बंद. एकूण मथळ्यांची संख्या मागच्या वेळेपेक्षा घटली तर विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. तिसरा पहारा सगळ्यात भरवशाचा: प्रत्येक खासगी विभागाच्या शेवटच्या ओळीत एक ठरलेला निरर्थक शब्द, उदाहरणार्थ ‘खडखुणगाठ’. पानं तयार झाल्यावर त्या सगळ्यांत हा शब्द शोधायचा. सापडला तर तयार केलेलं फोल्डर पुसून टाकायचं. पहिले दोन पहारे ज्या चुका ठाऊक आहेत त्यांच्यासाठी आहेत; हा तिसरा ठाऊक नसलेल्याही पकडतो.

फाइलीच्या अगदी पहिल्या ओळीत आणखी एक भूत बसलेलं असतं. जुन्या विंडोजमधलं नोटपॅड यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवायची पद्धत) मध्ये सेव्ह करताना सुरुवातीला न दिसणारी बीओएम खूण घालायचं. ती असली की पहिला मथळा ओळखला जात नाही. पायथनमध्ये फाइल ‘यूटीएफ-८-सिग’ म्हणून उघडली की प्रश्न मिटतो.

पानं बाहेर पडताना

निवडलेले विभाग पॅनडॉक या मजकुराचं रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामकडे जातात. मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत) एकेका ओळीला जोडून परिच्छेद करतं, त्यामुळे अभंगाच्या ओळी एकमेकींत घुसतात; ‘हार्ड लाइन ब्रेक्स’ हे एक्स्टेन्शन चालू ठेवा. भाषेची खूण ‘एमआर’ द्यायला विसरू नका. ती नसेल तर काही फाँट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दाखवतात.

पानाचं नाव मथळ्यावरून देवनागरीत काढू नये. ‘हिप्परगा’ म्हणजे युनिकोडची ८ चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये २४ बाइट, आणि लिंक कॉपी केली की टक्क्यांच्या खुणांसह ७२ अक्षरं. व्हॉट्सॲपवर ती लिंक पाठवली तर उघडायला कुणी धजावत नाही. रोमन लिपीतलं छोटं नाव वहीतल्या टॅगयादीतच टॅगसमोर लिहून ठेवा.

प्रत्येक वेळी पानं नव्या रिकाम्या फोल्डरात तयार करायची आणि शेवटी फोल्डरचं नाव बदलायचं. जुन्याच फोल्डरात लिहीत गेलं तर टॅग काढलेल्या विभागाचं पान तसंच पडून राहतं. आणि ‘वही’ कधीही त्या फोल्डरात किंवा सार्वजनिक गिट रिपॉझिटरीत (फाइलींच्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या साठ्यात) नको. एकदा गेलेली फाइल नंतर डिलीट केली तरी इतिहासात राहते. एडिटरच्या बॅकअप फाइलींनाही हाच नियम.

उरलेलं काम: विभागाविभागांतल्या लिंका. सार्वजनिक विभागातून खासगी विभागाकडे लिंक असेल तर आत्ता स्क्रिप्ट नुसता दुवा काढते, शब्द तसेच ठेवते. पण ‘पाहा: उधारी, मधल्या गल्लीतलं दुकान’ एवढं वाचूनच ज्याला कळायचं त्याला कळतं. नोंद ५ मध्ये अशी लिंक दिसली की तिथेही थांबायचं, असं ठरलंय.