पेटीची पट्टी आणि पंचविसावी फ्रेम

गणपतीचं स्तवन सुरू झालं, पायपेटीचा पहिला सूर लागला आणि शेजारी बसलेले बुवा पुढे वाकले. त्यांनी स्वतःची पट्टी, म्हणजे ज्या सुराला षड्ज धरून ते वाजवतात तो सूर, हळूच गुणगुणून बघितली, पुन्हा पडद्याकडे कान दिला आणि म्हणाले, "ही माझी पट्टी नाय. सूर खाली गेलो."

महोत्सवाला पाठवायची डीसीपी, म्हणजे थिएटरच्या डिजिटल प्रोजेक्टरवर चालणारी फिल्मची प्रत, तपासायला पणजीतल्या एका थिएटरात आम्ही सकाळी आठला जमलो होतो. आमचा माहितीपट दशावतारातल्या पेटीवर आहे आणि पडद्यावर पेटी वाजवणारे बुवाच कुडाळहून बघायला आले होते. आधी मला स्पीकरचीच शंका आली, ऑपरेटरलाही. पण स्पीकर खराब असला तर आवाज फाटतो, घुमतो, एखादी बाजू बंद पडते. सूर त्याने उतरत नाही.

मग सर्व्हरवरच्या लांबीकडे लक्ष गेलं. 81 मिनिटं 15 सेकंद. आमची फिल्म 78 मिनिटांची आहे.

आकडा बघताच उलगडा झाला. शूटिंग आणि संकलन सेकंदाला 25 फ्रेमचं होतं. 78 मिनिटांच्या 1,17,000 फ्रेम होतात. त्याच फ्रेम सेकंदाला 24 ने चालवल्या की बरोबर सव्वातीन मिनिटं वाढतात. डीसीपी करणाऱ्या स्टुडिओने चित्र 24 वर आणलं आणि आवाजही त्याच प्रमाणात ताणला. ओठ जुळतात, क्लॅप जुळतो, म्हणून तपासणीत कुणाला काही खटकत नाही. पण टेप हळू फिरवल्यासारखा सूर खाली येतो. बुवांची पट्टी काळी दोन, म्हणजे सप्तकातली दुसरी काळी पट्टी. 440 हर्ट्झच्या ट्यूनिंगमध्ये ती साधारण 311 हर्ट्झला येते. 24 ने गुणून 25 ने भागलं की उरतात 299. म्हणजे काळी दोन आणि पांढरी दोन यांच्या मध्ये, पांढरी दोनच्या जवळ. पेटीवर त्या जागी सूरच नाही.

खात्री करायला सोपी जागा होती. चित्र सुरू होण्याआधी दोन सेकंद, एका फ्रेमपुरता 1,000 हर्ट्झचा 'बीप' आम्ही घातलेला असतो. लॅपटॉपवर डीसीपीतला आवाज काढून तो मोजला. 960. आमच्या मूळ मिक्समध्ये 1,000.

स्टुडिओला फोन केला. उत्तर मिळालं, "24 च सेफ असतं मॅडम, सगळ्यांचं असंच करतो." त्यातला पहिला भाग खरा आहे. डिजिटल सिनेमासाठी हॉलिवूडच्या स्टुडिओंनी केलेल्या 2005 च्या डीसीआय नियमावलीत 24 आणि 48 एवढेच वेग होते, आणि जुन्या इंटरऑप पद्धतीच्या डीसीपीत 25 चालेलच याची हमी नसते. डीसीपीच्या नव्या, एसएमपीटीई पद्धतीत 25 रीतसर चालतं. माझा राग निर्णयावर नाही, तो न कळवता घेतल्यावर आहे. संगीताच्या फिल्मचा वेग बदलायचा तर एक ओळ लिहून विचारायला काय हरकत होती? संवादांच्या फिल्ममध्ये माणसं किंचित जड आवाजात बोलतात, एवढंच होतं. इथे एका वादकाच्या आयुष्यभराच्या पट्टीला हात लागला.

आणि चूक आमचीही आहे. 25 वर शूट का केलं? जत्रेत देवळासमोर ट्यूब आणि एलईडी, वीज 50 हर्ट्झ, म्हणजे दिवा सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो. 24 फ्रेमला शटर नेहमीच्या 180 अंशांवर, म्हणजे फ्रेमचा अर्धा वेळ उघडं, ठेवलं की एक्सपोजर 1/48 सेकंद, आणि पडद्यावर काळपट पट्टे सरकायला लागतात. म्हणून सगळे सांगतात, 25 घ्या. पण 24 वरच शटर 172.8 अंशांवर आणलं की एक्सपोजर नेमकं 1/50 होतं, प्रत्येक फ्रेमला दिव्याचे पूर्ण दोन ठोके मिळतात आणि पट्टे जातात. अंश दाखवत नसलेल्या कॅमेऱ्यात सरळ 1/50 निवडायचं. मिनिटभराचं काम. आता पखवाजाच्या शाईवर, म्हणजे पुडीवरच्या काळ्या लेपावर, जी फिल्म चालू आहे, ती पहिल्या दिवसापासून अशीच शूट करतोय.

दुरुस्तीचे रस्ते तीन होते आणि तिन्हींवर एक आठवडा गेला. दर सेकंदाला एक फ्रेम गाळून पाहिली. मूळ लांबी राहते, सूर राहतो, पण कॅमेरा सरकतो तिथे सेकंदागणिक ठेच लागते. मग सॉफ्टवेअरकडून मधल्या फ्रेम नव्याने बनवून घेतल्या. बोलणाऱ्या चेहऱ्यांना ते छान जमतं. झांज वाजायला लागली की पितळेची कड बोटांत वितळते, आणि गिरकी घेणाऱ्या पात्राच्या शेल्याला दोन टोकं फुटतात. तिसरा रस्ता म्हणजे चित्र 24 च्या हळू वेगावरच ठेवायचं आणि आवाज ताणताना सूर मूळ जागी धरायचा. पेटीवर हे सुरेख बसलं, कारण तिचा सूर सलग असतो. पखवाजाची थाप मात्र क्षणभराची. ती ताणली की 'धा'ला दोन कडा येतात, ओल्या पुडीवर मारल्यासारख्या. आवाज मिक्स करणाऱ्या आमच्या मित्राने पेटी, पखवाज, झांज आणि संवाद वेगवेगळे ठेवले होते म्हणून निभावलं. थापा त्याने ताणल्याच नाहीत. मूळ थाप उचलून नव्या जागी बसवली, एकेक करून, युद्धाच्या प्रवेशात तर शेकडो. असं काम करणारी माणसं श्रेयनामावलीत एका ओळीत संपतात याचं मला वाईट वाटतं.

आता दोन प्रती आहेत. एसएमपीटीईतली 25 ची, तीच खरी, आणि फक्त 24 मागणाऱ्यांसाठी ही दुसरी. नव्या फिल्मला प्रत्येक बैठकीआधी वादकाचा षड्ज दहा सेकंद रेकॉर्ड करतोय, क्लॅपच्या सोबत. शेवटची प्रत हातात आली की आधी तोच मोजायचा.

तरी 24 च्या प्रतीचं मला पटत नाही. सूर जागेवर आला, पण लय चार टक्क्यांनी उतरलेलीच आहे. मिनिटाला 120 मात्रांचं जे होतं ते 115 वर चालतं. मला ते ऐकू येत नाही. संकलकालाही नाही. पण वर्षभर रोज ऐकून आम्हाला पट्टी उतरलेलीही कळली नव्हती.

ही प्रत बुवांना ऐकवायची आहे. सध्या जत्रांचे दिवस आहेत, रोज नवं गाव, मध्यरात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत वाजवणं. उद्या वालावलला जाऊन त्यांना गाठते. लॅपटॉप आणि चांगला हेडफोन घेतलाय. युद्धाचा प्रवेश आधी लावणार आहे.