जलालाबादची एक सकाळ

काबूलहून जलालाबादला जाताना माहीपरच्या घाटात मालमोटारींच्या रांगेमागे आमची गाडी तीन तास अडकून पडली. शहरात शिरल्यावर नारिंगाच्या मोहोराचा वास आला, पण तो अनुभवण्याचेही त्राण उरले नव्हते. त्या मुक्कामातील मनात ठसली आहे ती खान अब्दुल गफार खान, म्हणजे तिकडच्या लोकांचे बाचा खान, यांच्या कबरीपाशी घालवलेली सकाळ.

आमच्याकडे यांना ‘सरहद्द गांधी’ म्हणतात, असे मी दुभाष्यामार्फत तेथील वृद्ध रखवालदारांना सांगितले. हिरवा चहा ओतता ओतता त्यांनी विचारले, “बाचा खान नमाजी होते, हे तुमच्याकडे शिकवतात का?” मला उत्तर देता आले नाही. १९३४ साली त्यांना अटक झाली ती आपल्या वर्ध्यात, आणि तरीही मी त्यांना केवळ गांधीजींचे अनुयायी म्हणून ओळखत होतो, याची मनापासून खंत वाटली.

त्यांच्या राजकारणाची मुळे पख्तूनांच्या धर्मपरंपरेतच आहेत. जलालाबादजवळच्या हड्डा गावचे मुल्ला नजमुद्दीन १८९७ च्या इंग्रजविरोधी उठावाचे एक पुढारी होते. त्यांचे शिष्य, तुरंगजईचे हाजीसाहेब, यांनी पेशावरच्या मुलखात शाळा काढल्या आणि त्या कामात तरुण गफार खान सामील झाले. पुढे हाजीसाहेब डोंगरात जाऊन बंदुकीने लढले. गफार खानांनी मात्र १९२९ मध्ये ‘खुदाई खिदमतगार’, म्हणजे ईश्वराचे सेवक, ही अहिंसक संघटना उभी केली आणि सब्र, म्हणजे संयम, हे पैगंबरांचेच शस्त्र आहे, असे सांगत सूड न घेण्याची शपथ लोकांना दिली. ज्या पख्तूनवलीत, म्हणजे पख्तूनांच्या परंपरागत आचारसंहितेत, ‘बदल’, म्हणजे सूड, हे कर्तव्य मानले जाते, तिच्यात वाढलेल्या माणसांनी ही शपथ घेणे मला कोणत्याही लढाईहून मोठे वाटते. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात इंग्रजांनी निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या. १२ ऑगस्ट १९४८ रोजी चारसद्द्याजवळच्या बाबडा येथे खुदाई खिदमतगारांवर पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा सरकार इस्लामच्या नावाने स्थापन झालेल्या देशाचे होते.

जानेवारी १९८८ मध्ये त्यांच्या दफनासाठी अफगाण युद्ध थांबवण्यात आले, तरी अंत्ययात्रेला आलेल्या लोकांमध्ये बॉम्बस्फोट झाले. रखवालदार त्या दिवशी तेथेच होते. त्याविषयी ते बोलले नाहीत. मला हड्ड्याला जायचे होते, पण रस्ता धोक्याचा आहे, असे सांगून त्यांनी माझा पेला पुन्हा भरला.