तुम्ही विचारलंत म्हणून: लिव्हर हलत नाहीत, मग इंजिन कोण चालवतं?

कॉकपिटचे व्हिडिओ पाहणारे हमखास विचारतात: एअरबसमध्ये इंजिनाचा आवाज कमीजास्त होतो, पण थ्रस्ट लिव्हर (इंजिनाचा जोर, म्हणजे थ्रस्ट, कमीजास्त करणारे दांडे) जागचे हलत नाहीत. असं कसं?

एअरबसच्या ए-३२० मध्ये लिव्हरपासून इंजिनापर्यंत केबल जातच नाही. लिव्हरचा कोन सेन्सर मोजतात आणि तो विजेच्या संकेतातून इंजिन चालवणाऱ्या 'फाडेक' या संगणकाला कळतो. लिव्हरच्या वाटेत ठरलेल्या खाचा आहेत: आयडल (सगळ्यात कमी जोर), क्लाइम्ब (वर चढण्यासाठीचा), फ्लेक्स (टेकऑफसाठी थोडा कमी केलेला) आणि सगळ्यात पुढे टोगा (पूर्ण जोर). ऑटोथ्रस्ट, म्हणजे थ्रस्ट आपोआप सांभाळणारी यंत्रणा, काम करत असताना लिव्हरची जागा ही फक्त वरची मर्यादा असते. तिच्या आत वेग सांभाळायला किती थ्रस्ट लागेल, ते संगणक ठरवतो.

टेकऑफला लिव्हर आधी सुमारे ५० टक्के एन-वनपर्यंत (एन-वन म्हणजे इंजिनाच्या पुढच्या पंख्याची फिरण्याची गती) नेऊन थांबायचं. दोन्ही इंजिनं सारखी स्थिरावली की मग फ्लेक्स किंवा टोगा. घाई केली तर एक इंजिन आधी जोर धरतं आणि विमान धावपट्टीवर एका बाजूला ओढलं जातं. पुढे साधारण १,००० ते १,५०० फुटांवर स्क्रीनच्या वरच्या पट्टीत सूचना लुकलुकते, पायलट लिव्हर क्लाइम्बच्या खाचेत आणतो आणि नेहमीच्या उड्डाणात ते थेट उतरेपर्यंत तिथेच राहतात.

बोइंग ७३७ मध्ये सर्व्हो मोटर लिव्हर खरोखर हलवते, त्यामुळे बदल हाताला कळतो. मला ही पद्धत अधिक बोलकी वाटते, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. २००९ साली ॲमस्टरडॅमजवळ उतरणाऱ्या एका ७३७ च्या रेडिओ अल्टिमीटरने (जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या उपकरणाने) चुकून उणे ८ फूट उंची दाखवली. विमान धावपट्टीवर टेकतंय असं समजून ऑटोथ्रॉटलने (बोइंगमधल्या ऑटोथ्रस्टने) लिव्हर आयडलला ओढले. लिव्हर डोळ्यांसमोर मागे होते, तरी घटलेला वेग फार उशिरा लक्षात आला. नऊ जण गेले.

एअरबसमध्ये उतरताना २० फुटांवर 'रिटार्ड' असा आवाज येतो. तेव्हा दोन्ही लिव्हर पायलटने स्वतः आयडलला आणायचे असतात. २००७ साली ब्राझीलमध्ये साओ पावलोला उतरणाऱ्या एका ए-३२० च्या उजव्या इंजिनाचा रिव्हर्सर (उतरल्यावर जोर उलट दिशेला वळवून वेग कमी करणारी यंत्रणा) निकामी होता. ब्लॅक बॉक्सच्या नोंदीनुसार त्याच इंजिनाचा लिव्हर क्लाइम्बलाच राहिला. त्यामुळे ग्राउंड स्पॉयलर (जमिनीवर पंखांवर उघडणाऱ्या, वेग कमी करणाऱ्या पट्ट्या) उघडले नाहीत, ऑटोब्रेक (आपोआप लागणारा ब्रेक) लागला नाही आणि ते इंजिन विमानाला पुढेच रेटत राहिलं. १९९ माणसं दगावली.

ऑटोथ्रस्ट सोडतानाही क्रम चुकवू नये. एन-वनच्या तबकडीवर लिव्हरची जागा दाखवणारं लहान वर्तुळ असतं. लिव्हर मागे घेत ते वर्तुळ काट्याशी जुळवायचं, मगच लिव्हरवरचं लाल बटण दाबायचं. लिव्हर क्लाइम्बला असतानाच बटण दाबलं, तर थ्रस्ट एकदम क्लाइम्बच्या पातळीवर चढतो. नेमकं अप्रोचवर, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येताना, असं झालं की वेग हाताबाहेर जातो. बिघाडामुळे ऑटोथ्रस्ट आपणहून सुटला, तर थ्रस्ट त्या क्षणी होता तिथेच गोठतो आणि पट्टीत 'टीएचआर एलके' (थ्रस्ट लॉक) लुकलुकतं. लिव्हर खाचेतून हलवले की ताबा पुन्हा हाताकडे येतो.