परत आलेला मुलगा

ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याच्या राजवटीत हंगेरीतल्या रोमा, म्हणजे ‘जिप्सी’ म्हटल्या जाणाऱ्या लोकांच्या घरोघर याद्या झाल्या. त्यांतल्या एका जिल्ह्याच्या याद्या मी सध्या वाचते आहे. तिथली राणी मारिया तेरेसाने १७६१ मध्ये या लोकांना ‘नवे शेतकरी’ ठरवलं. भटकंती बंद, तंबू बंद. १७७३ मध्ये तर त्यांची मुलं काढून शेतकरी कुटुंबांत वाढवायला देण्याचा हुकूम निघाला. आमच्या इतिहासाच्या क्षेत्रातले बरेचजण असे हुकूम उद्धृत करून थांबतात, याचा मला राग येतो. हुकुमातून सरकारची इच्छा कळते. गावात काय घडलं ते यादीतच हुडकावं लागतं.

आणि ते जिकिरीचं असतं. कारकुनाने नाव कानावर पडलं तसं लिहिलेलं, त्यामुळे एकच माणूस तीन याद्यांत तीन नावांनी भेटतो. वयावर भिस्त ठेवू नये. सगळे तीस, चाळीस नाहीतर पन्नासचे. मी नवऱ्याचा धंदा, बायकोचं नाव आणि मुलांचा क्रम जुळवते. एके दिवशी असा एक लोहार तिन्ही याद्यांत जुळला. पहिलीत नवरा-बायको, एक मुलगा, दोन मुली. दुसरीत मुलांच्या नावांपुढे लॅटिनमध्ये शेरा: शेतकऱ्याकडे दिली. गावाचं नावही आहे. हा शेऱ्याचा रकाना स्कॅनमध्ये कडेला कापला गेला होता. अभिलेखागारात मूळ बाड मागितलं, तर ‘स्कॅन आहे ना’ हेच उत्तर. हट्ट धरला म्हणून ते हाती आलं.

तिसऱ्या यादीत मुलगा पुन्हा बापाच्या घरात. शेरा नाही, खुलासा नाही.

मुलं पळून आई-बापांकडे परत येत, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. पण तसा एक मुलगा ओळीत सापडल्यावर मला पुढचं पान उलटवेना. कारकुनाला ठाऊक असणारच. ‘परत आला’ असं लिहिणं म्हणजे हुकूम फसल्याची कबुली, आणि मग मुलाला पुन्हा नेलं असतं. त्याने फक्त नाव लिहिलं. ही कणव होती की कंटाळा? अक्षर सगळीकडे सारखंच आहे, त्यावरून काही ताडता येत नाही.

मुली मात्र तिसऱ्या यादीत कुठेच नाहीत. त्या शेतकऱ्याच्या गावच्या चर्चची पुस्तकं मागवली आहेत. लग्नांचं आधी बघणार, मग दफनांचं.