माया कुठे गेली?

शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा

एकतीस चिठ्ठ्या आल्या. चाळीस पाठवल्या होत्या. नऊ जणींनी काही लिहिलं नाही, ते चालायचंच. दिवाळीनंतर दुकानातून गिऱ्हाइकांना नव्या बेताचे कुर्ते शिवून दिले तेव्हा प्रत्येक पिशवीत कोरी चिठ्ठी मीच घातली होती. कुर्ता घालून लोकलने जा, दिवसभर खुर्चीत बसा, संध्याकाळी गर्दीतून परत या आणि मग लिहा. नाव घालू नका, मोकळेपणानं लिहा. हे सगळं माझंच म्हणणं. मग आता घशाशी काय अडकलंय?

तीस चिठ्ठ्या दोनदा वाचल्या. एकतिसावी किती वेळा वाचली ते मोजलेलं नाही. तिच्यावर एवढंच आहे: "खिसा फार आवडला. पण ताई, माया कुठे गेली?"

नाव नाही. पण ‘ठ’चं पोट असं उघडं सोडणारी एकच बाई माझ्या ओळखीची आहे, विभा.

तिनं कापडाबद्दलच विचारलंय, मला कळतंय. शिवणीच्या आत दडवून ठेवलेलं जादा कापड, दुसरं काही नाही. शिवणकाम करणाऱ्या प्रत्येक घरात हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारला जातो आणि कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. पण रात्री एकटीनं वाचताना तो शब्द तेवढ्यावर थांबत नाही. बारा वर्षं मी या बायकांचे कपडे शिवले. कुणाचा उजवा खांदा पर्सच्या ओझ्यानं खाली आलाय, कुणाला बाही कोपराच्या वरच हवी, कुणाला पाठीवरचा गळा कधीच खोल चालत नाही, सगळं मला पाठ. आणि विचारायचं काय, तर माया कुठे गेली.

प्रत्येकीच्या मापाऐवजी चार ठरलेल्या मापांत शिवायचं, माया कमी धरायची, हा बदल मी हौसेनं केला नव्हता. उन्हाळ्यापासून हिशेब बसत नव्हता. कापडाचा भाव, काज-बटणाचा भाव, मास्टरांचा पगार, जागेचं भाडं. शेवटी एका दुपारी मास्टरांनी टेबलावर खडूनं आखून दाखवलं. छाती ३८, सैलपणाचे ४ इंच, म्हणजे एकूण ४२. पुढचा भाग २१, मागचा २१. दोन्ही बाजूंना मी आजवर इंच-इंच माया धरत आले, म्हणजे २३ आणि २३, मिळून ४६. आमच्या मंगळगिरी सुती कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४४. नेमक्या दोन इंचांसाठी पुढचा आणि मागचा भाग शेजारी शेजारी बसत नाहीत, एकाखाली एक लावावे लागतात आणि अडीच मीटर कापड जातं. "इंचाऐवजी तीन सूत ठेवा, ताई," मास्टर म्हणाले. आठ सुतांचा इंच. पावणेबावीस आणि पावणेबावीस, साडेत्रेचाळीस. बसलं पन्ह्यात. बाह्या खालच्या तुकड्यात. कुर्ता पावणेदोन मीटरमध्ये.

पाऊण मीटर वाचलं. भाव न वाढवता सफेद कुर्त्याला अस्तर देता आलं ते त्यातून, आणि दोन्ही बाजूंना मोबाइल पूर्ण मावेल एवढे खोल खिसे दिले तेही त्यातूनच.

हे लिहिताना हात थांबला. एकतीसपैकी सव्वीस जणींनी ज्या खिशाचं कौतुक केलंय, तो खिसा मायेतून आलाय. हे त्यांना माहीत नाही. मला माहीत होतं, पण मीही ते असं स्वतःशी बोलले नव्हते.

खिसा मला द्यायचाच होता. आजीच्या नऊवारीला कनवटी होती. बाजाराला निघताना नाणी तिथं खोचलेली असायची आणि तिचे दोन्ही हात मोकळे असायचे. आई पाचवारी नेसायला लागली आणि कनवट गेली. मग रुमालाची गाठ, मग ब्लाउजमध्ये खोचलेली नोट, मग पर्स. लोकलच्या दारात एका हातानं दांडी धरून दुसऱ्या हातानं पर्सची चेन सांभाळणारी बाई रोज पाहते मी. तिला खिसा हवाच. त्यात माझं काही चुकलेलं नाही.

बाकीच्या चिठ्ठ्या खरं तर चांगल्या आहेत. कल्याण कोर्टातल्या वकीलबाईंनी लिहिलंय की बाही आता कोटात गोळा होत नाही, पण पांढऱ्या कुर्त्याचा गळा बँड लावण्याजोगा उंच हवा. त्यांच्या पोशाखाचे नियम ठरलेलेच आहेत, पांढरा-काळा किंवा सौम्य रंग, नक्षी नको. गळ्याचं माझ्या लक्षात यायला हवं होतं. शाळेतल्या दोघींना लांबी आणखी दोन इंच हवीय. शिक्षकांच्या पोशाखाचा मार्च २०२४चा शासन निर्णय आला तेव्हापासून त्या ओढणीसकट सगळं मोजून मागतात. मंत्रालयातल्या ताईंना खादीत हाच बेत हवाय, शुक्रवारसाठी. डिसेंबर २०२०च्या परिपत्रकात शुक्रवारी खादीचा आग्रह धरला होता, त्या अजून पाळतात. कुणी लिहिलंय, मोबाइल ठेवला की कुर्ता एका अंगाला ओढला जातो. तर खिशाची वरची कड खांद्यापासून येणाऱ्या शिवणीत धरावी लागेल, ते होईल. एकीनं नुसतं "साहेबांनी विचारलं कुठून घेतला" एवढंच लिहिलंय. हे वाचून मी हसायला हवं होतं.

नाही हसले. परत तीच चिठ्ठी उचलली.

मनातल्या मनात तिच्याशी भांडूनही झालं. एस, एम, एल, एक्सएल या चार मापांवर सगळं जग चाललंय. मोठ्या दुकानांत कोण माया सोडतं? कड इंटरलॉक करतात, संपलं. बरं, ती मापंही आपली नव्हेत. वर्षानुवर्षं इंग्लंड-अमेरिकेच्या तक्त्यांवर आपले कपडे बेतले जातात, म्हणून तर निफ्ट या फॅशनच्या सरकारी संस्थेनं सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या पंचवीस हजार माणसांची मापं स्कॅनरनं घ्यायचं काम हाती घेतलं. एवढी मोठी संस्था भारतीय बाईचं माप शोधायला निघाली, तर माझ्या चार मापांत कुणीतरी बसणार नाही, हे उघड आहे. असं बरंच काही बोलले. ती समोर नव्हती, त्यामुळे सगळं माझंच खरं ठरलं.

मग वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, जुनी.

विभाचं पान. छाती ३४, खोडून ३६. ती नोकरीला लागली तेव्हाचं ३४, ३६ लग्नानंतरचं. मग ३९. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपवून आली तेव्हाचं, २०१७. रजा वाढली त्याच वर्षी. बँकेत पहिल्या दिवशी घालायला तिला तोच हिरवा कुर्ता हवा होता, दुसरा कुठलाच नको. मी दोन्ही बाजू उसवल्या, आतली माया सोडली. तिथलं कापड कधी उन्हात गेलेलं नव्हतं, पाणी साबण लागला तोही आतल्या आत. बाहेरचा हिरवा विटका झालेला आणि कडेला दोन बोटं गडद हिरवी पट्टी, नव्यासारखी. मला वाईट वाटलं, म्हटलं दुसरा शिवून देते. ती आरशासमोर हात वर करून त्या पट्टीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हा खरा रंग होता होय याचा." तसाच घालून गेली. पुढच्या वर्षी ३७, परत आत घेतला. मग ३८. या पानावर बारा वर्षांत पाच आकडे आहेत.

यंदाचा नाही. यंदा मी कुणाचंच माप घेतलेलं नाही. तिला एल दिला, ३८ला जातो तो.

आणि इतका वेळ मी स्वतःचंच घेऊन बसले होते, म्हणून साधी गोष्ट सुचली नाही. कुर्ता अंगाला नीट बसला तर कुणी शिवण उलटी करून बघत नाही. विभानं बघितली. म्हणजे तिला माया लागली. कुर्ता घट्ट झालाय, कडेनं थोडं सोडता येईल का म्हणून तिनं आत पाहिलं आणि आत तीन सूत. तरी चिठ्ठीत आधी खिशाचं कौतुक लिहिलं. कुर्ता परतही पाठवला नाही.

अडतीसचं काय झालं असेल? गेल्या खेपेला थायरॉइडची गोळी पर्समधून काढताना दिसली होती, मी विचारलं नाही. गर्दी होती दुकानात.

बारा वाजून गेले. खाली जाऊन कात्रणांची गोणी उघडली. बाह्या कापल्यावर पन्ह्यात सहा-सात इंचांची पट्टी उरते, विसेक इंच लांब. गोधड्यांसाठी म्हणून बाजूला टाकतो आम्ही ती. तिच्या कुर्त्याचा राखाडी त्यात सापडला, मंगळगिरीच्या काठासकट. मुंढ्यापासून चाकापर्यंत, म्हणजे काखेपासून कडेच्या कापापर्यंत, दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंचाची पट्टी घातली तर आरामात तीन इंच मिळतात. जोड दिसेल. काठ कडेला उभा घेतला तर मुद्दाम केल्यासारखाही दिसेल. ती पट्टी नुसती घडी करून प्रत्येक पिशवीत कुर्त्याबरोबर द्यावी का? मास्टर म्हणतील, जुन्या टाक्यांची भोकं दिसतात ताई, आणि ते खरं आहे. पन्ह्याचं गणितही काही बदलणार नाही. ४४ ते ४४च राहणार, खिसा मी काढणार नाही, आणि अडीच मीटरवर परत जाणं मला परवडत नाही. आज हे लिहिताना तेवढं दुखत नाहीये. दुपारी फार दुखलं होतं.

मापाची पट्टी सापडत नव्हती. वापरच नाही तिचा दिवाळीपासून. बटणांच्या डब्याखाली निघाली. वहीत विभाच्या पानावर ३८ खोडला आहे, पुढे जागा सोडली आहे. सकाळी फोन करते, माप द्यायला ये म्हणून. आठच्या आत करायला हवा, नंतर ती गाडीत असते आणि गर्दीत तिला ऐकू येत नाही.