तुम्ही विचारलंत म्हणून: सुट्टीतही घर का आठवतं?

'एवढा खर्च करून फिरायला जाता आणि तिथे घर आठवतं? मग जाता तरी कशाला?' असं मला बरेच जण विचारतात. मनापासून विचारतात, म्हणून नीट सांगते.

जून महिन्यात आम्ही स्वित्झर्लंडला गेलो होतो. ब्रिएन्झच्या तळ्याकाठी बसलेलो असताना दुपारी साडेतीनच्या सुमारास मला एकदम भरून आलं. ऊन लखलखत होतं, पाणी मोरपंखी, मुलं खूश. कारण म्हणावं तर काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच वेळी. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, आपली घड्याळं साडेतीन तास पुढे आहेत. म्हणजे वाईला सात वाजलेत. आई हातपाय धुऊन देवापुढे दिवा लावत असेल. तळ्याकाठी सूर्य नऊ-सव्वानऊपर्यंत मावळायचं नाव घेत नव्हता, पण माझ्या आत तिन्हीसांज झाली होती.

या दुखण्याला 'नोस्टॅल्जिया' हे नाव त्याच देशात मिळालं, हे मला नंतर वाचताना कळलं. 1688 साली बासेलच्या योहानेस होफर या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने वैद्यकीच्या प्रबंधात तो शब्द घडवला. ग्रीकमधलं 'घरी परतणं' आणि 'वेदना' जोडून. त्याने नोंदवलेला एक रुग्ण बर्नचा तरुण होता, शिकायला बासेलला आलेला. अंथरुणाला खिळला, कशाने उतार पडेना. शेवटी घरी न्यायला निघाले, तर वाटेतच त्याला बरं वाटू लागलं. बर्न ते बासेल आज रेल्वेने जेमतेम तासाभराचं अंतर आहे! एवढ्याशा अंतरावर तो झुरत होता, हे वाचून मला त्याच्याबद्दल फार माया वाटली.

जाते कशाला, तर ते तळं मला डोळ्यांनी बघायचं होतं. बघितलं, आणि पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा जाईन. घर आठवलं म्हणून त्या पाण्याचा रंग काही उणा झाला नाही.

चौथ्या दिवशी मी साडेतीनला बाकावर बसून आईला फोन लावला.

"दिवा लावला का गं?"

"आत्ताच. पाऊस बघ कसा लागलाय," म्हणत तिने फोन पडवीत नेला. पत्र्यावरचा तो आवाज मी बोट धक्क्याला लागेपर्यंत ऐकत बसले.