तीस इंची चिंच कापायला मशीन शोधताना

कोल्हापूर-राधानगरी रस्त्याला आमची चुलीवरची खानावळ आहे. दहा टेबलं, तीन चुली, मागं उसाचं रान आणि रानाच्या टोकाला भोगावती नदी. जुलै २०२१ च्या पुरात बांधावरची चिंच मुळासकट उलथली. पाणी ओसरल्यावर बघितलं तर झाड आडवं, सालीच्या भेगाभेगांत गाळ बसलेला आणि फांद्यांत कुणाच्या तरी रानातली ठिबकची नळी गुंतलेली.

चिंच ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली. आंबा, फणस, जांभूळ, साग, ऐन, किंजळ यांच्याच पंगतीतली. आपल्या बांधावरची असली, आपोआप पडली असली, तरी मी आधी अर्ज दिला आणि कागद हातात आल्यावरच कुऱ्हाड काढली. त्या हेलपाट्यांचं इथं लिहीत बसत नाही. मध्ये ऊस आला, खानावळीचा हंगाम आला, आणि चिंच दोन वर्षं तशीच पडून वाळली. हीच चूक. ओली असताना कापली असती तर निम्मा त्रास वाचला असता.

आईचा मात्र त्या झाडावर डोळा. "सुबाभळीचं जळण भसाभसा जळतंय आन् गप होतंय. चिंचेचा इंगळ धरून ऱ्हातोय बघ." पांढरा रस्सा मंद आचेवर ठेवायचा असतो, नारळाचं दूध फाटलं की सगळी हंडी वाया. त्यामुळं चुलीच्या बाबतीत आई म्हणेल ती पूर्व दिशा.

लाकूड तोडणारे दोघं येऊन गेले. एकानं बुंध्याभोवती फेरी मारली, बिडी पेटवली आणि म्हणाला, "पावणं, ह्याला मोठं मशीन लागतंय, माझं न्हाई पुरायचं." दुसऱ्यानं मजुरी सोडून निम्मं लाकूड मागितलं. मी टेप आणून घेर मोजला. आठ फूट. ९६ भागिले ३.१४, म्हणजे व्यास तीस इंचाच्या वर. आठ फूट लांबीचा एक तुकडा धरला तरी टनाच्या वर वजन. हातानं लोटायचं नावच नको.

तेव्हा ठरवलं, मशीन आपणच घ्यायचं. आणि इथं पहिला गाढवपणा केला.

मोबाईलवर सहा हजारांच्या आसपास एक चेनसॉ, म्हणजे इंजिनवर चालणारी साखळीची करवत, दिसला. ५८ सीसी, २२ इंची बार (ज्याच्या कडेनं दातांची चेन फिरते ती पट्टी), सोबत जादा चेन फुकट. माझी मोटरसायकल शंभर सीसीची, म्हणजे हे तिच्या निम्म्याहून जास्त, अजून काय पाहिजे? मागवला. बाभळीच्या मनगटाएवढ्या फांद्या लोण्यासारख्या कापल्या. चिंचेच्या आठ-दहा इंची फांद्याही कुरकुरत का होईना, कापल्या. मी खूश. शेजारच्या दाजींना बोलवून दाखवलंसुद्धा.

बुंध्याला लावला आणि चार इंचांवर गाडी अडली. दाब दिला की चेन थांबायची, इंजिन नुसतं ओरडायचं. दाब काढला की चेन फिरायची, पण लाकडाला लागायची नाही. मी अंगाचा सगळा भार टाकला. खाचेतून पिठासारखी बारीक पूड येत होती आणि जळका वास. वाटलं चिंच जळतेय. जळत होता क्लच. बंद करून बघितलं तर बारची कड निळी पडलेली.

मशीन पोत्यात घालून उद्यमनगरात नेलं. कोल्हापूरचा माणूस इंजिनचं दुखणं घेऊन दुसरीकडं कुठं जाणार? ओळखीचे एक मिस्त्री आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. पंप, फवारे, मोटरसायकली, सगळं त्यांच्या हातून गेलेलं. त्यांनी सिलिंडर उतरवलं, फडक्यानं पुसलं, व्हर्नियर लावला. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ४५.२ मिलिमीटर. मग पिस्टन वरखाली करून स्ट्रोक घेतला, ३४. पाटीवर खडूनं गुणाकार करून माझ्याकडं सरकवली. साडेचौपन्न सीसी.

"मग हे अठ्ठावन्न?"

"ते मॉडेलचं नाव हाय. तुझ्या खानावळीत 'स्पेशल थाळी' असती का न्हाई, तसं."

पुढं त्यांनी चेनच्या दाताच्या कोपऱ्यावर अंगठ्याचं नख घासलं. नख तसंच गुळगुळीत सरकलं. धारेचा दात नखाचा पापुद्रा काढतो. "मशीन कमी हाय हे खरं. पर तू धारबी मारली न्हाईस. गाळाची साल तशीच कापलीस न्हवं? वाळूवर विळा घासल्यागत झालं ते." पिठासारख्या पुडीचा अर्थ मला तेव्हा कळला. धार असली की चेन चपट्या ढलप्या फेकते. पूड यायला लागली की तिथंच थांबायचं. दाब देऊन इंजिन, क्लच आणि बार तिन्ही जाळायचे नसतात.

दुरुस्तीला दीड हजार गेले. ते मशीन आजही आहे, फांद्यांना झकास चालतं. पण बुंध्याचा प्रश्न तसाच.

मग महिनाभर मी दुकानं पालथी घातली. इलेक्ट्रिकचा विचार दोन दिवस केला. दोन हजार वॉटची मशीनं स्वस्त मिळतात, आवाजही कमी. पण रानातली थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, आणि खानावळीतनं चिंचेपर्यंत शंभर मीटर वायर ओढली की पलीकडं व्होल्टेज किती पोचणार? बॅटरीवाली हातात घेऊन बघितली, छान आहेत, पण वाळलेल्या तीस इंची चिंचेला नव्हेत. पेट्रोलच.

मामांनी एक गोष्ट पक्की डोक्यात बसवली होती. सीसी विचारायचंच नाही, किलोवॅट विचारायचं, आणि तेही माहितीपत्रकात छापलेलं बोट ठेवून दाखवायला सांगायचं. हा एक प्रश्न विचारला की निम्मे दुकानदार फोन लावायला बाहेर जातात. माझ्या जुन्या मशीनच्या पुस्तिकेत २.२ किलोवॅट होतं. श्टील कंपनीचं एमएस २५० म्हणून ४५.४ सीसीचं मशीन आहे, त्याची ताकद २.३. म्हणजे नऊ सीसी कमी असून ताकद जास्त! (उच्चार श्टील, जर्मन आहे. आपल्याकडं सगळे स्टील म्हणतात. मला आधी वाटलं दुकानदार बॉडी कशाची ते सांगतोय.) घरच्या जळणाला ते पुरेसं आहे, हलकंही आहे, कुणी विचारलं तर मी तेच सांगतो. पण अख्खा बार वाळक्या लाकडात रुतला की चेन फिरत राहायला पाहिजे, त्याला सत्तर सीसीच्या गटातलं इंजिन लागतं. तिथं माझ्यासमोर दोन होती, हुस्कवर्णा कंपनीचं ३७२, ७०.७ सीसी, आणि श्टीलचं एमएस ३८२, ७२.२ सीसी, ३.९ किलोवॅट. त्याच्या वर नव्वद सीसीची गाडी आहे, एमएस ६६१, ५.४ किलोवॅट. दुकानात ते उचललं आणि हळूच खाली ठेवलं. नुसतं इंजिन ७.४ किलो. बार, चेन, पेट्रोल, ऑईल धरून दिवसभर वाकून चालवायचं तर माझी कंबर त्याच्या आधी बंद पडेल.

बहुतेक दुकानांत नमुना दाखवायला मऊ लाकडाचा तुकडा ठेवलेला असतो. त्यात कुठलंही मशीन वाघ. म्हणून मी चिंचेचा चौदा इंची ओंडका गाडीच्या डिकीत घालून फिरलो. एका ठिकाणी पोरगं हसलं, "काका, घरनं डबा आणल्यागत लाकूड आणलंय." पण याच ओंडक्यानं निकाल लागला. एका दुकानदारानं तो बघून "डेमो आत्ता होत नाही" सांगितलं, तिथनं मी उठलो. दुसऱ्यानं काही न बोलता ३८२ ला पेट्रोल भरलं आणि सलग तीन चकत्या पाडल्या. आवाज खाली बसला, पण चेन एकदाही थांबली नाही. पायाजवळ ढलप्यांचा ढीग. ३७२ सुद्धा कमी पडलं नसतं. पण उद्यमनगरापासून दहा मिनिटांवर ज्याचे सुटे भाग मिळतात ते घ्यावं, एवढ्यावर मी ३८२ घेतलं.

खरी घासाघीस बारवरून झाली. दुकानदार पंचवीस इंचीचा आग्रह धरून, "तीस इंचाचं झाड हाय म्हणताय, लहान बारनं कसं भागंल?" मामांचं म्हणणं वीस इंचीच घे. दोन्ही बाजूंनी कापलं की वीस इंची बार तीस इंच सहज पार करतो. वीस इंचीच्या चेनला ७२ ड्राईव्ह लिंक (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्या), म्हणजे ३६ दात. पंचवीसला ८४, म्हणजे ४२ दात. सहा दात जादा ओढायचे, सहा दात जादा घासायचे, आणि बारचं टोक पलीकडं नजरेआड. मी मामांचं ऐकलं. चेनही त्यांच्याच सांगण्यावरून सेमी चिझल घेतली. फुल चिझलचा दात चौकोनी कोपऱ्याचा, स्वच्छ लाकडात तो भराभर जातो, पण मातीचा एक कण लागला की कोपरा गेला. सेमी चिझलचा कोपरा गोलसर, थोडा सावकाश कापतो, पण धार टिकवतो. पुराचा गाळ प्यालेल्या झाडाला तोच बरा.

कापायच्या आदल्या दिवशी फवारणीच्या एचटीपी पंपानं, जोराच्या पाण्यानं बुंधा धुतला, आणि जिथं जिथं काप घ्यायचा तिथली वीतभर साल कोयत्यानं तासून काढली. एवढ्या एका कामानं चेन किती वाचली ते सांगून खरं वाटणार नाही. आधी एका कापात धार जात होती, आता टाकीवर मोजायला लागलो, पेट्रोलची एक टाकी संपली की एकदा कानस. ५.२ मिलिमीटरची गोल कानस, दाताला तीस अंशात, प्रत्येक दाताला तीनच घास, पुढं ढकलताना दाब आणि मागं घेताना उचलून.

पेट्रोलमध्ये ऑईल ५० ला १, म्हणजे लिटरला वीस मिली. सलाईनच्या सिरिंजनं मोजतो, अंदाजपंचे नाही. पेट्रोलात आता इथेनॉल असतं, आपल्या उसाचंही, पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि कार्बोरेटरचा पडदा खराब करतं. म्हणून लागेल तेवढंच कालवायचं आणि काम झालं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. बारला जळकं ऑईल घालायचा सल्ला गावात दहा जणांनी दिला. नाही घातलं. त्यात लोखंडाची पूड असते.

भीती एकदाच वाटली, पण चांगलीच वाटली. बारच्या टोकाचा वरचा भाग मागच्या फांदीच्या बुडख्याला टेकला आणि मशीन उसळून कपाळाच्या दिशेनं आलं. डावं मनगट पुढच्या ढालीला लागून ब्रेक पडला आणि चेन जागीच थांबली. डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून गुंडाळलेला होता म्हणून मशीन हातात राहिलं. दुकानातनं हेल्मेट-जाळी आणि कानाची झाकणं घेतली होती, पायाची जाड पँट महाग म्हणून सोडली होती. दुसऱ्या दिवशी जाऊन तीही आणली.

बाकी काम पद्धतीनं झालं. दोन्ही टोकं टेकलेला ओंडका वरनं कापला की मधोमध बसतो आणि बार चिमटतो. म्हणून वरनं तिसरा हिस्सा, खाचेत प्लास्टिकची पाचर, उरलेलं खालनं. मोठा तुकडा ट्रॅक्टरनं एकदा उलथा केला. फोडायला मात्र चिंचेनं रडवलं. तिचे धागे एकमेकांत पीळ घातल्यासारखे, घण मारला की पाचर रुतून बसते, चीर जात नाही. शेवटी तेही काम मशीननंच केलं, उभ्या रेषेत चार इंच चिरून मग घण.

पाच दिवस गेले. जळण रचून झालं तसा आमचा खाटीक आला, आठवड्याला दोनदा मटण तोच देतो. त्याला जळणात रस नव्हता. मटण तोडायचा ठोकळा चिंचेचाच असतो, लाकूड चिवट, सुरीखाली भुसा सुटत नाही. "दादा, बुंध्यातली एक फूटभर चकती द्या की." दिली, सगळ्यात जाड जागेची, दोघांनी लोळवत टेम्पोत चढवली.

दुपारी त्याचा फोन. ठोकळा डुलतोय. जाऊन बघितलं तर खरंच, एका बाजूला बोटभर उतार. काप सरळ गेलाच नव्हता, डावीकडं वळला होता. मी उजवा हातवाला, एका अंगाचे दात जोरात घासले गेले आणि दुसऱ्या अंगाचे कमी. एका अंगाचे दात घासून आखूड झाले की बार हळूहळू दुसऱ्या बाजूला ओढत जातो. मामांना सांगितल्यावर ते पोट धरून हसले आणि प्रत्येक दाताची लांबी व्हर्नियरनं मोजायला लावली.

खाटकानं ठोकळ्याखाली शहाबादीचा तुकडा सरकवला आणि सुरी चालवायला घेतली.